भिंतीवरून शिकलेली तालीम

वाचकहो, तुम्हाला धावायला कुणी शिकवलं? हसू नका, नीट आठवून बघा. पहिल्यांदा छाती भरून आली, पोटात कळ उठली, तेव्हा 'आता पळू नको, चाल थोडा' असं म्हणणारं कुणीतरी तुमच्याजवळ असेल. शाळेतले कवायतीचे मास्तर असतील, तालमीतले वस्ताद असतील, निदान थोरला भाऊ तरी असेल. माझ्या मित्राजवळ असं कुणी नव्हतं. सुदाम जाऊन आता काही आठवडे झाले आहेत, आणि गावात अजून म्हणतात की तो पळण्यानं गेला. हे खोटं आहे. ते खोटं आहे हे सांगण्यासाठीच मी लिहायला बसलो आहे.

निरोप आला तेव्हा मी परभणीत वसतिगृहाच्या व्हरांड्यात होतो. दुपार कलली होती, तरी ऊन असं की अंगणातल्या नळाच्या तोटीला हात लावता येत नव्हता. फाटकातून सुदामचे चुलते नारबाकाका आत आले. पायात वहाण नव्हती. "किसन, चल बाबा. सुदाम पडलाय," एवढंच ते म्हणाले. कुठं पडला, कसा पडला, मी विचारत होतो आणि ते उपरण्यानं नुसतं तोंड पुसत होते. गाडीत बसल्यावर, पेडगाव मागे टाकल्यावर, ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "रुळाच्या कडंच्या वाटंवर पळायलता. गुराख्यानं बघितलं. आंग नुसतं तव्यावानी तापल्यालं..." सेलूच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर तरुण होते, चांगले होते, आणि चिडलेले होते. "नुकत्याच हिवतापातून उठलेल्या माणसानं इतक्या उन्हात इतकं पळायचं? आणि तेही अंगाला घोंगडी गुंडाळून? कुणी सांगितलं होतं हे?"

घोंगडी हा शब्द कानावर पडला. ती घोंगडी कुठून आली ते मला माहीत होतं.

आमच्या गावात मारुतीच्या देवळाला लागून तालीम आहे. वस्ताद गणपतराव, गावचे मोठे शेतकरी. त्यांच्या हाताखालची पोरं जिल्ह्याच्या जत्रांतून फेटे बांधून परत येतात. तालमीच्या दारावर काही लिहिलेलं नाही. आमच्या वस्तीतला माणूस त्या दारातून आत जात नाही हे लिहावं लागत नाही. धर्म बदलून वर्षं झाली, विहाराचा ओटा बांधला, पोरं कॉलेजात गेली, तरी ते दार होतं तिथंच आहे. पण तालमीच्या मागच्या बाजूला उकिरडा आहे, आणि त्याच्यावर उभं राहिलं की भिंतीवरून आतला कुस्तीचा हौदा दिसतो. लहानपणी सुदाम आणि मी तिथं उभे राहायचो. लाल मातीत लोळणारी पोरं, वस्तादांची आरोळी, जोर मारताना वरखाली होणाऱ्या पाठी. मला थोड्या वेळानं कंटाळा यायचा. सुदाम मात्र टाचा उंच करून डोळे फाडून बघायचा आणि संध्याकाळी ओढ्याच्या वाळूत तेच करून दाखवायचा.

भिंतीवरून त्याला काय दिसलं? त्याला दिसलं की पैलवान घोंगड्या पांघरतात. त्याला दिसलं की मेहनत चालू असताना कुणी पाणी पीत नाही. मेहनत संपल्यावर वारा लागू नये म्हणून ती घोंगडी असते, ती पांघरून सावलीत गप बसायचं असतं, हे त्याला भिंतीवरून दिसलं नाही. हौद्यावर छप्पर का आहे, वेळ गार पहाटेचीच का, हे कुणी सांगितलं नाही, आणि नंतर अंग निवलं की घोट घोट पाणी दिलं जातं, तेही दिसलं नाही. नवा पोरगा आला की त्याला कित्येक दिवस हौदा नुसता खणायला लावतात, मग थोडेच जोर, मग थोडे जास्त, हे सारं आतल्या कोपऱ्यात चालायचं आणि तोंडानं सांगितलं जायचं. आमच्या वाट्याला वरचं अर्धं चित्र आलं. ते अर्धं चित्र सुदामनं पूर्ण मानलं.

तो सेलूच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गंज्या ओढायचा. कापसाची धूळ नाकातोंडात, पण माणूस सदा हसरा. माझ्या चळवळीच्या पत्रकांची त्याला फार गंमत. मी वस्तीत पत्रकं वाटायला लागलो की ओरडायचा, "ए पत्रकवाल्या, एक कागद इकडं दे, भाकर बांधायला कागद न्हाई!" आणि मग तेच पत्रक जिनिंगच्या सुट्टीत चार माणसांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला हिवताप आला. तापानं फणफणला, कुडकुडला, गाल बसले. उठतोय न उठतोय तोच पोलीस भरतीची बातमी आली. ही भरती हुकली तर पुढच्या भरतीपर्यंत त्याचं वय निघून जाणार होतं. त्याला खाकी हवी होती. पगारासाठी हवी होतीच, पण तेवढ्यासाठी नाही. "किसन, एकदा चावडीवरून त्या कपड्यात चालत जायचंय गड्या. पळत न्हाई. सावकाश. बसलेली माणसं उठतेत का बसूनच ऱ्हातेत, ते बघायचंय."

मरायच्या आधीच्या आठवड्यात मी गावी गेलो होतो. तीच शेवटची भेट. तो ओसरीत बसून पायाला तेल चोळत होता आणि त्याची आई भागूमावशी चुलीपुढून त्याच्यावर करवादत होती. "बघ रं किसन, हाडाची काडं झाल्यात आन् हा पळायलाय! चालताना भिंत धरतंय लेकरू." सुदाम म्हणाला, "आये, भिंत धरून धरूनच तर इतकी वर्षं गेली." मग माझ्याकडे वळून, डोळे मिचकावत त्यानं सांगितलं की तो वस्तादांकडे जाऊन आला. मी चमकलो. तालमीत?

"आत कुठं? दारात. वहाणा काढून उभा ऱ्हायलो. म्हणलं, वस्ताद, भरतीसाठी पळायचं हाय, आजारातून उठलोय, सुरुवात कशी करू तेवढं सांगा. तर काय म्हणाले सांगू? म्हणाले, तुमाला पळायचं काय शिकवायचं रं? गाव मागं लागलं की पळताच की तुमी!"

"मग?"

"मग काय, सगळी पोरं लय हासली. मी बी हासलो. म्हणलं, वस्ताद, ह्या खेपंला मी म्होरं आन् गाव मागं. बघा मग."

तो हसत होता. मला हसू आलं नाही. मी रागारागानं भाषण सुरू केलं, अर्ज करू, पत्रक काढू, तालीम गावाच्या मालकीची आहे... त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "भरती तुझ्या पत्रकासाठी थांबती का, लेका? मला आत्ता पळायचंय." जिनिंगची पाळी सकाळची होती, संध्याकाळी अंग आंबून जायचं, म्हणून मधल्या सुट्टीत, दुपारी, तो पळत होता. अंग हलकं व्हावं म्हणून घोंगडी गुंडाळून. दम तुटू नये म्हणून पाण्याला न शिवता. दुपारचं आणि घोंगडीचं मला नंतर कळलं. त्या दिवशी तो फक्त एवढंच म्हणाला, की पहिल्या दिवसापासून भरतीच्या मैदानाइतकं पुरं पळतोय, मधे कुठंही थांबत नाही. ते त्यानं अभिमानानं सांगितलं होतं.

सुदामला स्मशानात पोचवून आलो. ओट्यावर वंदना झाली, माणसं पांगायला लागली. तेव्हा वस्तीच्या कडेला, बाभळीखाली, गणपतराव वस्ताद उभे दिसले. माणूस मोठा, फेटा हातात घेतलेला. तोडून बोलावं असं मनात नव्हतं, पण तेच आधी बोलले. "ताप आलेल्या माणसानं असं करूच ने. माझ्या सख्ख्या पोराला ताप आला तर मी महिनाभर लंगोट लावू देत न्हाई. आधी चालायचं, मग हळू पळायचं. घोंगडी तर... घोंगडी पळायला नसती रं बाबा."

"हे त्याला का सांगितलं नाही तुम्ही?"

"मला कुठं ठावं की हा असा..."

"त्यानं विचारलं होतं. तुमच्या दारात, वहाणा काढून विचारलं होतं. आजारातून उठलोय, हे पण सांगितलं होतं. तुम्ही काय म्हणालात ते आठवतंय का, वस्ताद?"

त्यांना आठवत होतं. चेहऱ्यावरून कळलं. आसपासची माणसं थांबली, कुणीतरी माझा दंड धरला. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना वाटलं, आता काठ्या निघतात. मलाही क्षणभर तेच हवं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. वस्ताद फेटा बांधू लागले, बांधता येईना, तो तसाच खांद्यावर टाकून ते निघून गेले.

त्यानंतर वस्तीनं ठरवलं की आता कुणी पळायचं नाही. भरतीची तयारी करणारी आणखी पोरं होती. त्यांच्या आयांनी त्यांना घरात बसवलं. गावात बोललं जाऊ लागलं, "त्यांचं ते काम न्हाई, त्यांच्यात दमच न्हाई." म्हणजे सुदाम गेला तो गेलाच, वर सगळ्या वस्तीच्या छातीवर कमजोरीचा शिक्का. विहाराच्या ओट्यावर बैठक बसली, नारबाकाकांसकट सगळे एका सुरात नको म्हणाले. मी बोलायला उठणार तेवढ्यात मागून भागूमावशी उठली. अंगात त्राण नव्हतं, शेजारणीच्या खांद्याचा आधार घेऊन उभी राहिली.

"माझा पोरगा पळून मेला न्हाई," ती म्हणाली. "कसं पळायचं ते कुणी सांगितलं न्हाई म्हणून मेला. पोरं घरात कोंडली तर त्यो उगाच मेला. पळू द्या. पर आधी शिकवा."

नारबाकाकांनीच आधी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सेलूचे ते चिडलेले डॉक्टर माझ्या विनंतीवरून सायकल मारत वस्तीत आले आणि एकेका पोराच्या छातीला नळी लावून बसले. ज्याला नुकता ताप येऊन गेला त्याला त्यांनी साफ बाजूला बसवलं. बाकीच्यांना सांगितलं: ऊन चढायच्या आत, आधी नुसतं चालायचं, बोलता येईल इतकाच वेग ठेवायचा, चालणं अंगवळणी पडलं की मधे थोडं पळायचं, पुन्हा चालायचं, आणि हे आठवड्या-आठवड्यानं वाढवायचं. तहान लागली की पाणी. छातीत दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली की तिथंच थांबायचं, लाजायचं नाही. "पण हे मी एकदा सांगून जाणार," ते म्हणाले. "रोज बघणारा माणूस पाहिजे. तो तुमच्या गावात नाही का?"

आहे. परवा वस्तादांचा निरोप आला: पोरांनी सकाळी माझ्या मळ्यात यावं, मी सांगतो, तालमीचं मात्र तूर्त काढू नका. काहींना वाटलं, हेही थोडं नाही. भागूमावशीनं निरोप आणणाऱ्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "वस्तादांना म्हणावं, उपकार झाले. पर मळ्यात चोरून कशाला? तालमीत बोलवा." उलट निरोप अजून आलेला नाही. भरती जवळ येते आहे आणि पोरं रोज पहाटे विहाराजवळ जमून एकमेकांकडे बघत उभी राहतात...

मला तुमच्याकडून शोक नको आहे. हा मजकूर वाचणाऱ्यांत तालमीतले असतील, कवायत शिकलेले असतील, शाळा-कॉलेजच्या मैदानावर पळालेले असतील. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत कुणीतरी उद्या पहिल्यांदा पळायला निघणार आहे, एकटाच, आणि पहिल्याच दिवशी सगळं करून दाखवायच्या ईर्ष्येनं. त्याची जात विचारू नका. तब्येत विचारा. आणि मग त्याला नुसता उपदेश करून घरी परतू नका. वहाणा घाला, आणि पहिले काही दिवस त्याच्या बरोबरीनं, त्याच्या चालीनं चाला.