वस्तीचा वॉल्व

"ए बाई, ओत ते पाणी. आधी ओत, मग बोल."

तुर्भ्यातल्या एका टॉवरच्या आवारात सोसायटीचे सेक्रेटरी ओरडले. बाईनं बागेच्या नळावर हंडा भरला होता. तिनं तो गटारात ओतला. मग सेक्रेटरींनी वॉचमनला नळ धुवायला लावला. साबणानं.

"ह्यांना एक हंडा दिला की उद्या अख्खी वस्ती येईल," ते मला म्हणाले. "तुम्ही चहा घ्या, साहेब."

ती बाई माझी थोरली बहीण. अक्का. मी पाणी खात्यातला इंजिनियर. शेजारी होणाऱ्या दुसऱ्या टॉवरसाठी पाण्याचा दाब मोजायला आलो होतो.

अक्कानं मला पाहिलं. मी फायलीत डोकं घातलं. जाताना ती माझ्यासमोर थांबली. म्हणाली, "चुकलं, सायेब."

सायेब. मराठवाड्यातून आम्ही इथं आलो तेव्हा मी तिच्या कडेवर होतो. दगडखाणीत खडी फोडून तिनं मला शिकवलं.

मी चहा प्यालो. लिहायला लाज वाटते. पण प्यालो.

तिच्या घरी त्या दिवशी पाणी का नव्हतं, ते मला माहीत होतं. दाब मोजायच्या दिवशी वस्तीच्या लाइनचा वॉल्व बंद करायचा, ही आमची पद्धत. लेखी कुठंच नाही. वॉल्व बंद केला की मीटरचा काटा छान चढतो. मग मी लिहितो, दाब पुरेसा, नव्या जोडणीस हरकत नाही. कित्येक टॉवरना असं लिहून दिलं. धरण तेवढंच. पाइप तोच. टॉवर वाढत गेले तसं वस्तीचं पाणी रोजचं दिवसाआड झालं.

संध्याकाळी अक्काकडे गेलो. ती म्हणाली, "वळख दाखवली न्हाईस, बरं केलंस. नोकरीचं हाय तुझं." मग म्हणाली, "पन आज आमचं पानी कामून आलं न्हाई रं?"

मी सांगितलं. वॉल्व मीच बंद करायला लावला होता. आजच नाही, दर वेळी.

"मंजी नळ त्यांनी धुतला," ती म्हणाली. "पानी तर तूच तोडलंस."

दुसऱ्या दिवशी दाब पुन्हा मोजायला घेतला. वॉल्वमनला म्हटलं, "वस्तीचा वॉल्व उघडा ठेव."

तो हसला. "साहेब, काटा हलणार पण नाही. कशाला टेन्शन घेता?"

"ठेव उघडा."

काटा अर्ध्यावरही गेला नाही. तेच लिहिलं : दाब अपुरा, जोडणी देता येणार नाही.

वरिष्ठांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले नाहीत. "तुमच्यामुळे शहर वाढायचं थांबणार आहे का? दुसरा कोणी सही करेल."

"करू दे. माझी मिळणार नाही."

दुसरा कोणी करेलही. पण जुन्या फायलींवर सही माझीच आहे. त्या मी एकेक काढतो आहे. वॉल्व बंद ठेवून केलेली प्रत्येक मोजणी, टॉवरच्या नावासकट, आयुक्तांना लिहून देणार आहे. चौकशीत पहिलं नाव माझं येईल. नोकरी जाईल. जाऊ दे. अक्काची माफी अजून मागितलेली नाही. आधी हे लिहून देणार.