छर्रा दिल्याशिवाय गाडी सुटत नाही

समजा, तुमच्यासमोर पितळेच्या दोन पट्ट्या आहेत. मीटरभर लांब, बोटाच्या पेरापेक्षाही अरुंद. त्या टोकाला टोक लावून बसवायच्या आणि त्यांचा रूळ करायचा. तुमचे हात आपोआप दोन्ही टोकं घट्ट भिडवायला जातील. तसं करू नका. एप्रिलमध्ये कळंबला पारा बेचाळीसवर जातो, पितळ फुगतं, आणि घट्ट भिडवलेला रूळ दुपारी वाकडा होऊन बसतो. एक जुनं पोस्टकार्ड घ्या. ते दोन टोकांच्या मधे उभं धरा, पट्ट्या त्याला टेकवा, खिळे ठोका, मग कार्ड ओढून काढा. उरेल ती फट. तिच्यावरून चाक गेलं की खटक असा आवाज येतो. आता हेच बाभळीच्या चिमुकल्या आडव्या लाकडांवर, म्हणजे स्लीपरांवर, गुडघे टेकून, वयाच्या साठाव्या वर्षी, चाळीस वेळा करा.

राजपाल सरवदे यांनी ते केलं होतं; मी त्यांना काका म्हणते. एसटीच्या कळंब आगारात ते चौतीस वर्षं फिटर होते. त्यांचे वडील ज्ञानोबा रेल्वेत गँगमन. कुर्डुवाडीहून लातूरला जाणाऱ्या अडीच फुटी रुळांवरच्या छोट्या गाडीची लाइन ते सांभाळायचे. ती लाइन मोठी झाली, छोटी गाडी गेली, वडीलही गेले. निवृत्त झाल्यावर काकांनी ती गाडी चोवीसपट लहान करून घरात आणली. इंजिन पत्र्याचं, आत एका जुन्या ड्रिलची मोटर. मागं एक उघडी वाघीण, म्हणजे मालाचा डबा, आणि एक प्रवाशांचा डबा. बारा व्होल्टचा करंट रुळांतून यायचा. काकांच्या हातात एक बटण असायचं. ते दाबून धरलं तरच गाडी चालायची, सोडलं की थांबायची.

गाडीची खोली मागची. तिथून लाइन स्वयंपाकघरात न्यायची म्हणून काकांनी खोलीच्या चांगल्या सागवानी दाराला खाली वीतभर बोगदा कापला. दीपमालाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यावर तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "चला, उंदरांची सोय झाली. आता तिकीटघर कधी काढताव?"

काकांनी गाडीला वडिलांचा एक नियमही लावला होता. एकेरी लाइनवर समोरून दुसरी गाडी येऊ नये म्हणून ड्रायव्हरला स्टेशनातून एक गोळा मिळतो. तो हातात असल्याशिवाय गाडी हलवायची नाही, साहेब आला तरी नाही. काकांचा गोळा म्हणजे बसच्या बेअरिंगमधला एक छर्रा. तो वाघिणीत ठेवल्याशिवाय ते बटणाला हात लावत नसत. लाइनवर गाडी एकच, ती कुणाला धडकणार, असं काकूंनी विचारलं तर म्हणत, "नियम हाय."

इंजिनाला शिट्टी नव्हती. ती काका तोंडानं वाजवायचे, बोगद्याच्या अलीकडं एक, लांबलचक.

२०२१ साली भीमजयंती घरातल्या घरात झाली. दुसऱ्या दिवशी काकांना ताप भरला. तपासणीत कोरोना निघाला, काकूंना नाही. मुलगी श्रावस्ती पुण्यात, जिल्ह्यांच्या सीमा बंद. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन घ्यायला सांगितलं, आणि बजावलं, "आकडा चौऱ्याण्णवच्या खाली आला तर घरी थांबायचं नाही."

काका मागच्या खोलीत गेले, दाराला आतून कडी लावली. काकू जेवणाचं ताट उंबऱ्यावर ठेवून लांब व्हायच्या. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्या भाकरी थापत होत्या, तेवढ्यात दारामागं शिट्टी वाजली. बोगद्यातून गाडी बाहेर आली आणि ओट्याखाली थांबली. वाघिणीत छर्रा आणि एक चिठ्ठी. "ताप १०१. ऑक्सिजन ९७. चहा मिळेल का?"

काकूंनी चिठ्ठी सांडशीनं उचलली.

"चहा ह्यातून सांडंल की," त्या दाराकडं बघून म्हणाल्या.

"अर्धा कप भर. वळणावर मी दमानं घेतो."

काकूंनी अर्धा कप चहा वाघिणीत बसवला, शेजारी छर्रा ठेवला. काकांनी आधी सांगून ठेवलं होतं, त्याप्रमाणं दारावर दोनदा टकटक केलं. ती लाइन क्लीअर, गाडी सोडायची खूण. गाडी उलटी चालत बोगद्यात गेली. चहा सांडला नाही. आतून काकांचं हसणं ऐकू आलं आणि मागोमाग खोकला.

दिवसातून तीनदा गाडी यायची. चिठ्ठीत ताप, ऑक्सिजन आणि काहीतरी मागणी. काकू गोळ्या पाठवायच्या, गूळ-शेंगदाणे पाठवायच्या, एकदा लिंबाची फोड. प्रत्येक फेरीला इंजिनावर सॅनिटायझर मारायच्या. त्यानं काळा रंग उडू लागला.

"अगं, इंजिन पांढरं व्हायलंय," काका आतून म्हणायचे.

"तुमी काळे व्हायच्या आधी ते पांढरं झालेलं बरं."

काकांना आजारात ही एकच गोष्ट गोड लागत होती. तोंडाला चव नव्हती, नाकाला वास नव्हता, पण कान शाबूत होते. ते खाटेवर पडून फटी मोजायचे. स्वयंपाकघरापर्यंत एकोणीस खटके. सातव्या खटक्याला गाडी जरा लंगडते हे त्यांना आजारपणात कळलं. मग जमिनीवर झोपून, श्वास घेत घेत, त्यांनी तो स्लीपर पुन्हा बसवला. त्या एका खिळ्याला अर्धी दुपार गेली. पुढची फेरी सरळ गेली तेव्हा त्यांनी चिठ्ठीत आकड्यांच्या आधी लिहिलं, "सातवा नीट झाला."

सहाव्या दिवशी मशीननं ब्याण्णव दाखवलं. काकांनी बोट पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा ब्याण्णव. त्यांनी चिठ्ठीवर शहाण्णव लिहिलं.

हे का केलं, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ सुगत पहिल्या लाटेत गेला. त्याला दवाखान्यात नेलं तेव्हा तो जीपमध्ये स्वतःच्या पायानं चढला होता. परत आला तो फक्त त्याचा मोबाइल. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. काकांच्या मनात तेव्हापासून एक पक्कं बसलं होतं, की त्या दारातून आत गेलेला माणूस बाहेर येत नाही. मरायचंच असेल तर इथं, खटके ऐकत.

सातव्या दिवशी मशीननं नव्वद दाखवलं. चिठ्ठीवर पंच्याण्णव. काकू तशीच चिठ्ठी सांडशीनं उचलायच्या, वाचायच्या, चुलीपाशी ठेवायच्या, गाडी परत पाठवायच्या. काही बोलायच्या नाहीत.

आठव्या दिवशी दुपारी गाडी आली, पण शिट्टीशिवाय. मधेच थांबली, पुन्हा सुरू झाली, बोगद्यात अडकल्यासारखी झाली, मग बाहेर आली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "९५. काही नको."

काकूंनी छर्रा उचलून मुठीत धरला आणि बोगद्याशेजारी जमिनीवर बसल्या. टकटक केलं नाही.

बराच वेळ गेला. आतून आवाज आला, "लाइन क्लीअर दे की."

"देत न्हाय."

"का?"

"शिट्टी का न्हाय वाजली?"

"घसा बसलाय."

"घसा बसल्यावर बोलणं बसतं. शिट्टीला घसा लागत न्हाय, वारा लागतो. पंच्याण्णववाल्याला वारा कमी पडायलाय व्हय?"

बटण त्यांच्याच हातात होतं. दाबलं असतं तर रिकामी गाडी आत आली असती आणि बोलणं तिथंच संपलं असतं. अंगठा बटणावर होता, असं ते सांगतात. पण छर्रा दाराच्या पलीकडं होता.

"दीपमाला, छर्रा ठेव वाघिणीत."

"खरा आकडा सांगा. मग ठेवते."

"मी सुगतच्या वाटंनं जाणार न्हाय."

"सुगतभावजी आठ दिवस घरात अंगावर काढून मग गेले. त्यांच्या वाटंवर तुमी आत्ता हायेत. मी तुमाला तिथनं उठवायलेय."

आतून फक्त श्वास ऐकू येत होता, छोटा छोटा. काकू सांगतात की तेवढ्या वेळात त्यांच्या मुठीतला छर्रा घामानं बुळबुळीत झाला, पण त्यांनी मूठ उघडली नाही.

"सत्त्याऐंशी," काका म्हणाले.

काकूंनी छर्रा वाघिणीत ठेवला आणि दारावर दोनदा टकटक केलं. गाडी आत गेली. मग कडी निघाल्याचा आवाज आला.

शेजारचा विरेश भाजीचा टेम्पो चालवतो. तो पाच मिनिटांत दारात होता, तोंडाला दोन मास्क, वर उपरणं. काकूंनी दारामागून पिशवी काढली. तीत टूथब्रश, चार्जर, आधार कार्ड, चष्मा, दोन लुंग्या, टॉवेल. कळंबमध्ये ऑक्सिजनचा बेड मिळाला नाही, म्हणून पुढं जिल्ह्याच्या गावी, धाराशिवला नेलं. टेम्पोच्या मागच्या भागात काका एका पोत्याला टेकून बसले होते. काकू समोर, हातभर अंतरावर. येडशीच्या पुढं काका म्हणाले, "कोथिंबिरीचा वास येत असंल न्हाय इथं?" काकू म्हणाल्या, "येतोय. तुमालाबी येईल."

दवाखान्यात काका तेरा दिवस होते. पालथं झोपायला सांगायचे, तासन्‌तास. छतही दिसायचं नाही, नुसती उशी. तेव्हा ते मनात लाइन घालायचे. येडशी, कळंब रोड, ढोकी, मुरूड. पोस्टकार्ड लावायचं, खिळा ठोकायचा, कार्ड काढायचं. शेजारच्या खाटेवर जिल्ह्यातल्याच वाशीचे एक गुरुजी होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही बोटांनी काय करता सारखं?" काकांनी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून गुरुजी सकाळी विचारायचे, "कुठवर आली लाइन?" गुरुजी काकांच्या आधी घरी गेले, तेव्हा लाइन ढोकीपर्यंत आली होती.

रोज चार वाजता काकूंचा फोन यायचा.

"गाडी कशी हाय?" काका विचारायचे.

"उभी हाय. रूळ चिंचेनं घासलेत."

"चिंचेनं? मी पॉलिशपेपर मारतो त्याला."

"म्हणूनच काळे पडायलेत. पितळ घासायचं तुमी मला शिकवू नका."

बोलायला दम नसला की काका नुसता फोन कानाला धरून ठेवायचे आणि काकू घरातलं सांगत राहायच्या. एकदा त्यांनी फोन रुळाजवळ ठेवला आणि वाघीण हातानं ढकलत नेली. एकोणीस खटके. काका म्हणतात, त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा वाटलं की हा माणूस बाहेर जाणार. हा माणूस म्हणजे ते स्वतः.

ते परत आले तेव्हा अंगावरचा शर्ट दुसऱ्या कुणाचा असावा असा लोंबत होता. दोन महिने घरी ऑक्सिजन देणारं मशीन लागलं. फुप्फुसं पूर्वीसारखी झाली नाहीत, होणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलंय. आजही जिना चढताना ते मधे थांबतात आणि भिंतीवर काहीतरी बघत असल्यासारखं करतात. पण लाइन आता अंगणात गेलीय, तुळशीला नव्हे, जास्वंदीला वळसा घालून. स्वयंपाकघरात काकूंनी लाकडाची फळी ठोकून प्लॅटफॉर्म केलाय. गाडी उशिरा आली तर त्या काकांना फैलावर घेतात.

हे सगळं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, कधी हा तुकडा, कधी तो. बरेच महिने काकांना वाटत होतं की शिट्टी वाजली नाही म्हणून आपण पकडले गेलो. मग गेल्या दिवाळीत विरेश फराळाला आला. बोलता बोलता म्हणाला, "काकूंचा निरोप मला दोन दिवस आधीच होता. टेम्पोत डिझेल भरून ठेव, कुठं लांबचं भाडं घेऊ नको म्हणून." काकांच्या हातातली चकली तशीच राहिली. मग त्यांना दारामागची पिशवी आठवली. ती त्या पाच मिनिटांत भरलेली नव्हती. लुंग्या इस्त्री केलेल्या होत्या.

म्हणजे शहाण्णव लिहिलेली पहिली खोटी चिठ्ठी काकूंनी सांडशीनं उचलली तेव्हाच त्यांना कळलं होतं, कसं ते त्याच जाणोत. डिझेल भरायला लावलं, लुंग्यांना इस्त्री केली, पिशवी दारामागं ठेवली. आणि तरी दोन दिवस गप्प राहून गाडी परत पाठवत राहिल्या. कडी आतून होती हे खरं, पण त्या दोन दिवसांत काहीही झालं असतं.

काकांनी त्यांना बऱ्याचदा विचारलंय. काकू दर वेळी वेगळंच उत्तर देतात. "मला कुठं काय कळतंय आकड्यातलं?" किंवा, "इस्त्रीवाला आला होता, दिल्या दोन लुंग्या." किंवा सरळ उठून आत जातात.

परवा मी गेले तर काका अंगणात खाली बसून फट मोजत होते. पोस्टकार्ड तोंडात धरलेलं. ते काढून त्यांनी आतल्या भांड्यांच्या आवाजाकडं एकदा पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "तू शिकलेली हायेस, तू सांग. माणूस मरायला लागलेला दिसत असताना ती बाई दोन दिवस कशाची वाट बघत बसली असंल?"