अकराव्या मजल्यावरची बोट

सेंगकांगमधल्या फ्लॅटमध्ये, अकराव्या मजल्यावर बोट आणायचं खूळ रत्नदीप गजभियेचं. त्याच्या बायकोचा, हर्षाचा, त्यात हात एवढाच की तिने निळ्या मास्किंग टेपचं एक टोक धरलं, आणि तेही तो म्हणाला तिथे.

नागपुरात वाढलेल्या माणसाचा पाण्याशी संबंध तो केवढा! अंबाझरीचा तलाव आणि उन्हाळ्यात गल्लीत येणारा टँकर. पण परदेशी येऊन आंग मो किओमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत उभी हयात चिप तपासण्यात घालवल्यावर या गृहस्थाला इंग्लंडमधल्या कालव्यांचं वेड लागलं. तिथे फार पूर्वी कोळसा वाहायला खणलेले अरुंद कालवे आहेत. त्यांवर तेवढ्याच अरुंद, लांबुळक्या बोटी चालतात आणि आता कोळशाऐवजी त्यांत माणसं राहतात. बाकीचे नवरे जेवणानंतर क्रिकेट लावतात. हा इंजिनाचं तेल तपासणाऱ्या कुणा दाढीवाल्या इंग्रजाचे व्हिडिओ लावून बसायचा. हर्षा भांडी विसळता विसळता ऐकायची, आणि नको असतानाही तिचं सगळं पाठ होत गेलं. बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात प्लास्टिकची पिशवी अडकली की मागची झडप उघडून गार पाण्यात खांद्यापर्यंत हात घालायचा. काठाला बोट बांधायची तर लोखंडी खुंट्या आधी ठोकायच्या, दोर मग. चाइल्डकेअर सेंटरमध्ये छोट्यांना ए-बी-सी शिकवणाऱ्या बाईला या ज्ञानाचा काय उपयोग, ते तिलाच ठाऊक नव्हतं.

रिटायर झाल्यावर वर्षातले काही महिने बोटीवर काढायचे, असा बेत होता. त्याआधी चाचणी म्हणून मे महिन्यात तीन आठवड्यांसाठी एक बोट भाड्याने ठरवली. आणि रत्नदीप पडला इंजिनियर, त्याला चाचणीचीही चाचणी हवी. म्हणून जानेवारीत हॉलमध्ये टेप चिकटली.

बोटीची रुंदी बाहेरून सहा फूट दहा इंच, आतून जेमतेम सहा फूट. मुख्य दारापासून किचनच्या खिडकीपर्यंत दोन समांतर रेघा मारल्या. लांबी मात्र पुरेना. बोटीचं नाक दाराबाहेर कॉमन कॉरिडॉरमध्ये जात होतं, आणि टाउन कौन्सिलशी कोण भांडणार, म्हणून नाक कापलं. आत सगळं क्रमाने आखलं. पुढे बसायची जागा आणि कोळशाची शेगडी, मग स्वयंपाक, मग जेवायचं टेबल, जे रात्री मोडून त्याचाच पलंग करायचा, मग संडास, आणि अगदी मागे उभं राहून बोट हाकायची जागा. संध्याकाळी एकदा बोटीत शिरलं की टेपच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. हर्षाचा पाय चुकून बाहेर पडला की हा मागून ओरडायचा, "पडलीस पाण्यात!"

पाणीही मोजकं. बोटीवर टाकी असते, ती संपली की बोट हाकत हाकत नळापर्यंत न्यावी लागते. म्हणून दिवसाचं पाणी सकाळी भरून ठेवायचं आणि मग नळाला हात लावायचा नाही. अंघोळ म्हणजे आधी अंग ओलं करायचं, पाणी बंद, साबण, मग पुन्हा थोडं पाणी.

"अहो, नागपुरात इंदोऱ्यात आम्ही लहानपणी हेच करत होतो," हर्षा म्हणाली. "त्यासाठी इंग्लंडला कशाला जायचं?"

"तिथे बदकं असतात," रत्नदीप म्हणाला. याच्यापुढे बायकोने काय बोलावं!

संडासाचा प्रश्न जरा नाजूक होता. बोटीवरच्या संडासाखाली डबा असतो. तो दर दोन-तीन दिवसांनी आपल्या हाताने उचलून ठरलेल्या जागी नेऊन ओतावा लागतो. इथे हर्षाने साफ नकार दिला. शेवटी तडजोड झाली. रत्नदीप एका मोठ्या कॅनमध्ये पाणी भरायचा, लिफ्टने खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर न्यायचा आणि फेरी मारून परत आणायचा. शेजारचे मिस्टर टॅन लिफ्टपाशी भेटले की म्हणायचे, "एव्हरी डे टेक वॉटर फॉर वॉक, अह? बेटर गेट अ डॉग लाह."

कामांची वाटणी ठरलेली होती. बोट हाकायची त्याने आणि लॉक सांभाळायचं तिने. कालव्याला चढ चढायचा तर तो पायरीपायरीने चढतो, आणि त्या पायरीला म्हणतात लॉक. दोन दारांमधल्या हौदात बोट घ्यायची, मागचं दार लावायचं, वरचं पाणी हळूहळू आत सोडायचं. बोट वर उचलली गेली की पुढचं दार उघडायचं. दाराला लाकडाचा भला मोठा दांडा असतो, तो कमरेने रेटायचा. हर्षा किचनच्या भिंतीला पाठ लावून, पाय रोवून रेटायची आणि रत्नदीप मागच्या टोकाला मॉपचा दांडा धरून उभा. बोटीचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. त्यामुळे तो सारखा चुकायचा आणि काल्पनिक पुलावर आपटायचा. मग दोघंही हसायची.

फेब्रुवारीत एका सकाळी ऑफिसच्या लिफ्टसमोर रत्नदीप खाली बसला आणि उठला नाही. हर्षा हॉस्पिटलमध्ये पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

विहाराची मंडळी आली, वंदना झाली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, ईस्ट कोस्टला नवऱ्याबरोबर राहणारी त्यांची मुलगी आर्या हिने सगळे फोन केले. नागपूरला, ऑफिसात, बँकेत, जिथे जिथे कळवायचं तिथे. हर्षाला एकदाही स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं नाही की रत्नदीप गेला. लोक म्हणाले, हर्षाताई किती खंबीर! कसली खंबीर? बधिर झाली होती ती. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो पण आपला लागत नाही, तसं तिचं सगळ्या अंगाचं झालं होतं. रडू आलं नाही. यायला हवं होतं, हे तिला कळत होतं.

पाहुणे पांगले, आर्या आपल्या घरी गेली, आणि संध्याकाळी हर्षा टेपच्या आत येऊन बसली. ठरवून नाही. इतके दिवस पाय तिथेच वळत होते, तसे वळले. सकाळी तिने पाणी भरून ठेवलं. रात्री टेबल मोडून पलंग केला. दोन दिवसांनी कॅन उचलून खाली नेला. मिस्टर टॅन या वेळी कुत्र्याचं काही बोलले नाहीत. त्यांनी नुसतं लिफ्टचं बटण दाबून धरलं.

टेपच्या आत बरं होतं. तिथे पुढचं काम ठरलेलं असायचं. ते झालं की त्याच्या पुढचं. टेपच्या बाहेर बेडरूम होती, त्याची कपाटं होती, आणि तिथे काय करायचं ते कुणीच ठरवून दिलं नव्हतं. सेंटरमध्ये ती मुलांबरोबर टाळ्या वाजवून गाणी म्हणायची, एलआरटीच्या गाडीने घरी यायची, बोटीत शिरायची. असे आठवडे गेले. ते गेल्याचंही तिला विशेष वाटलं नाही.

मग इंग्लंडहून फोन आला. बोटी भाड्याने देणाऱ्या कंपनीतली बाई होती, आवाजाने मोकळी. मे महिन्याचं नक्की ना, दोघंही येणार ना, तिने विचारलं. हर्षा हो म्हणाली.

"आणि बोट कोण हाकणार?"

"माझे मिस्टर," हर्षा इंग्रजीत म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती पोळ्या लाटायला लागली. आपण धडधडीत खोटं बोललो याची तिला लाजही वाटली नाही आणि भीतीही नाही. एकट्या माणसाला ती कंपनी बोट देत नसे, निदान दोघं मोठी माणसं हवीत, हा नियम रत्नदीपनेच तिला वाचून दाखवला होता. खरं सांगितलं की बोट गेली. पण बोटीपेक्षाही मोठी एक गोष्ट होती. साऱ्या जगाला आर्याने कळवलं होतं, फक्त या एका ठिकाणी कुणी कळवलं नव्हतं. तिथे तो अजून होता आणि मे महिन्यात येणार होता. एवढी एक जागा हर्षाला सोडवत नव्हती.

एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी आर्या आली. चपला काढता काढताच तिने बोलायला सुरुवात केली. "मम्मी, इनफ. आज ही टेप काढायची. आणि तू माझ्याकडे येतेस. रूम रेडी आहे. तुला काय वाटतं, मी एवढ्या लांबून तुझी काळजी करत बसू?"

"जेवलीस का?" हर्षाने विचारलं.

"विषय बदलू नकोस." आर्याने गुडघ्यांवर बसून नखाने टेपचं टोक उचललं आणि फर्रकन ओढलं. हातभर टेप निघाली.

"तिथून पाणी आत येईल," हर्षा म्हणाली.

आर्याने वर बघितलं. आई थट्टा करत असेल असं तिला वाटलं. पण आईच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. काहीच नव्हतं. मग मात्र पोरगी घाबरली. तिच्या हातातली टेप तशीच राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. तीच बाई. तिकडे नुकतीच सकाळ झाली होती आणि पाठीमागे कुठलं तरी इंजिन धडधडत होतं. पहिल्यांदाच बोट हाकणाऱ्यांना आम्ही आधी थोडं समजावून देतो, ती म्हणाली, तेव्हा मिस्टर गजभियेंशी जरा बोलता येईल का? हर्षाने फोन स्पीकरवर ठेवला होता, कारण तिचे हात कणकेचे होते.

"ते ऑफिसला गेलेत," हर्षा म्हणाली.

रविवार होता. आर्या जमिनीवर होती तिथेच बसून राहिली.

"हरकत नाही. परत केव्हा येतील?"

बोटीबद्दल काहीही विचारलं असतं तरी हर्षाने सांगितलं असतं. बॅटरी, दोर, शेगडीची राख. पण याचं उत्तर ठरलेलं नव्हतं.

"येणार नाहीत," ती मराठीतच म्हणाली. "ते गेले. फेब्रुवारीत गेले ते."

पलीकडच्या बाईला अर्थातच काही कळलं नाही. तिने विचारलं, काय म्हणालात? तेव्हा हर्षाला तेच पुन्हा इंग्रजीत म्हणावं लागलं. "माय हजबंड डाइड." दोन्ही वेळा तिचा आवाज सारखाच, सपाट होता.

पाठीमागचं इंजिन कुणीतरी बंद केलं. बाई म्हणाली की तिला फार वाईट वाटलं. अडखळत तिने पुढचंही सांगितलं. एका माणसाला बोट देता येत नाही, लॉकमध्ये एकटं माणूस असलं की धोका असतो, तेव्हा बुकिंग तिला रद्द करावं लागेल.

"मला माहीत आहे," हर्षा म्हणाली.

"मम्मी, थांब." आर्या उठली. निघालेल्या टेपवरून ती सरळ आत आली. "तिला सांग, दोघी. पुट माय नेम."

"तुला बटाम बेटाच्या फेरीबोटीत उलटी झाली होती."

"ते सी होतं, हे कॅनॉल आहे. चालणाऱ्या माणसाच्या स्पीडने जाते असं पप्पाच म्हणायचे ना? जमेल, कॅन लाह." तिने रागारागाने डोळे पुसले. "हाकणार कोण पण? मी नाही हाकणार."

"मी," हर्षा म्हणाली. "दांडा डावीकडे ढकलला की उजवीकडे वळते. तू लॉक सांभाळ. पाणी हळू सोड म्हणजे झालं."

बाई फोनवर थांबून होती. आर्याने तिला आपलं नाव सांगितलं, वय सांगितलं. बाईच्या आवाजात पुन्हा कामाचा सूर आला, आणि हर्षाला तो बरा वाटला. मग बाईने विचारलं, लाइफ जॅकेटं दोन लिहिली आहेत, एक मीडियम आणि एक एक्स्ट्रा लार्ज. तीच ठेवायची का?

रत्नदीप अंगाने चांगला धिप्पाड होता. बुकिंग करताना त्याने छातीचं माप घ्यायला हर्षाला बोलावलं होतं. मापाची टेप पुरेना, तेव्हा श्वास सोडा की जरा, म्हणून तिने त्याला दटावलं होतं, आणि त्याने मुद्दाम आणखी छाती फुगवली होती.

"मम्मी?" आर्या म्हणाली.

"एक्स्ट्रा लार्ज काढा," हर्षा म्हणाली. "एक्स्ट्रा लार्ज आता नको."

आणि एवढे दिवस कुठे अडून बसलेलं होतं कोण जाणे, ते रडं आलं. कणकेच्या हातांनी तिला डोळेही पुसता येईनात. आर्याने एका हाताने आईला धरलं, दुसऱ्या हाताने फोन उचलला आणि बाईला सांगितलं की त्या जॅकेटाऐवजी आपल्यासाठी स्मॉल चालेल.