ओल्या ठोकळ्याचं वाक्य

दुपारचं जेवण अंगावर येतंय, डोळ्यांवर झापड आहे, पण हेमलता देवतळे कसली उठतेय! बाई एकदा इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात लिहायला बसली की बसली. लॅपटॉपवर तिचा लेख उघडा आहे. ॲल्युमिनियमच्या भट्टीत वरून सोडतात ते कार्बनचे ठोकळे, म्हणजे ॲनोड. कोळशासारख्या कोकची भुकटी आणि डांबर मळून, दाबून, भाजून केलेले. मराठीत यावर धड चार ओळी नव्हत्या. हिनं पानभर मजकूर उभा केला. मुलगी गौतमी ओडिशातल्या एका कारखान्यात नवीन लागलीय, आणि तिच्या तुकडीतली मराठी पोरं हाच लेख मोबाइलवर वाचतात. आईला त्याचा कोण अभिमान!

आज सकाळी मात्र तिनं एक वाक्य खोडलंय. 'ओलसर ठोकळा वितळलेल्या रसात कधीही उतरवू नये, स्फोट होतो.' थोरल्या भावाकडून ऐकलेलं. कुणीतरी त्यावर 'संदर्भ हवा' अशी पाटी लावली, आणि हिला पुस्तकात काही सापडेना. नियम म्हणजे नियम.

मान कलते. टेबलाच्या पलीकडे भालचंद्रदादा बसलाय. तोच थोरला भाऊ, पाच वर्षांपूर्वी भट्टीवरच्या स्फोटात होरपळून गेलेला.

"वाच बरं," तो म्हणतो. "काय लिहिलंस ते ऐकू दे."

ती वाचायला लागते. पायांखालची फरशी तापलीय. वर बघते तर छप्पर कुठल्या कुठे उंच गेलंय, आणि फ्रीजच्या जागी भट्ट्यांची लांबच लांब रांग. पदराची सेफ्टी पिन आपोआप ताठ उभी राहते. एवढं चुंबकत्व असतं भट्ट्यांपाशी, दादाच सांगायचा.

क्रेनला लटकलेला काळा ठोकळा खाली येतोय. त्यातून पाणी ठिबकतंय. भट्टीजवळ हेल्मेट घातलेली एक पोर पाठमोरी उभी. वेणी मात्र ओळखीची; लहानपणापासून हेमलतानंच घातलेली.

"गौतमी! सरक तिथून!" पण आवाजच फुटत नाही.

"तिला ऐकू जायचं नाही," दादा म्हणतो. "ती तुझं लिहिलेलं वाचते. आहे का ते लेखात?"

"नाही. सकाळीच काढलं."

"काहून?"

"संदर्भ नव्हता, दादा."

तो तिच्याकडे वळतो. अर्धा चेहरा दादाचा आहे. उरलेल्या अर्ध्याकडे बघवत नाही.

"अन् मग मी कोण होतो गं, हेमे?"

अरे देवा! ती कीबोर्डवर तुटून पडते. बटणं चिकट झालीत, बोट सुटता सुटत नाही. 'ओलसर' लिहिते, तर ठोकळा हातभर खाली. 'ठोकळा' लिहिते, तर आणखी हातभर. अक्षरं चुकतात, पुसते, परत लिहिते. दादा तिचं मनगट धरतो. हात गारढोण.

"घाबरू नको. लिही तू."

भट्टीतून पांढरा भपकारा उठतो.

हेमलता दचकून जागी होते. टेबल टेबलच आहे, फ्रीज घुरघुरतोय. स्क्रीनकडे न बघताच ती फोन लावते. घंटी वाजते, वाजतच राहते. उचल ना गं बाई, उचल!

"काय गं आई? शिफ्टला निघालेय मी."

"गौतमी, ऐक. ठोकळा ओला असला तर…"

"उतरवायचा नाही. अगं, आत्ताच वाचलं तुझ्या लेखात. पण संदर्भात हे काय लिहून ठेवलंयस?"

"काय लिहिलंय?"

"'भालचंद्र उमाळकर. स्वतः पाहिलेलं.' मामाचं नाव असं देतात होय? लोक खोडतील ना!"

हेमलता लॅपटॉप ओढून घेते. आहे. वाक्य आहे, नाव आहे, तिच्याच खात्यावरून जतन केलेलं. वाक्य तिनं झोपेत लिहिलं असेलही एक वेळ. पण संदर्भाला तिनं स्वप्नातसुद्धा हात लावला नव्हता. तिला एकदम रडू फुटतं.

"आई? काय झालं?"

"खोडू देत त्यांना," ती कशीबशी म्हणते. "तू विसरू नकोस."