दस्ता

ती केस मी अजून विसरलेलो नाही.

दिल्लीत लष्करी छावणीजवळच्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. प्रजासत्ताक दिन तोंडावर आलेला. खबर दिली एका चहावाल्याने. एक तरुण रोज टपरीमागे उभा राहून फोनवर बोलतो. भाषा कळत नाही, पण 'दस्ता', 'बंदूक', 'गाडी' हे शब्द कानावर येतात. आमच्या हेड कॉन्स्टेबलने लगेच अर्थ लावला, "साहब, दस्ता यानी टुकड़ी. हथियारबंद टुकड़ी गाड़ी से आ रही है." उतावीळपणाला आमच्या खात्यात तोटा नाही.

तरुणाला आणलं. निघाला साताऱ्याकडचा जवान. मिलिटरी पोलिसांना कळवून चौकशीला बसलो. ठाण्यात मराठी येणारा मी एकटाच. मराठीत विचारल्यावर त्याने पहिल्यांदा मान वर केली.

"सायेब, दस्ता म्हंजे रायफलीचा. खांद्याला टेकवतो त्यो. वडलांना सांगत हुतो."

त्याने सांगितलं ते असं: वडील जुने सैनिक, आता दृष्टी गेलेली. त्यांच्या वेळच्या बंदुकीचा दस्ता लाकडी, सगळ्यांना एकाच मापाचा. नव्या रायफलीचा दस्ता मागेपुढे सरकवून आपल्या मापाला बसवता येतो, दुमडला की गाडीतून झटकन उतरता येतं, वर दुर्बीण बसते, डावखुऱ्यालाही सुरक्षेचा खटका हाताशी येतो. शस्त्रांच्या प्रदर्शनात कोणालाही दिसावं एवढंच हे सगळं. पण तो खरं बोलतोय कशावरून? मिलिटरी पोलिसांचा अधिकारी मला स्पष्ट म्हणाला, "बाहर के आदमी को बताया होगा, तो इसकी वर्दी गई."

तो रोज ज्या नंबरवर बोलायचा, त्याच नंबरवर फोन लावला, स्पीकरवर. ठाण्यातून बोलतोय म्हटल्यावर म्हातारा सावध झाला.

"बंदुकीचं? न्हाई सायेब. माझं पोरगं कामाचं अवाक्षर काढत न्हाई."

जवानाने डोकं धरलं. बंदुकीचं बोलणं बापाशी झालंच नाही, तर मग कोणाशी? वाचवायला गेलेल्या बापाने त्याला पुरतं गोत्यात आणलं होतं.

मी सूर बदलला. त्यांच्या नोकरीचं विचारलं, मग म्हटलं, "काका, तुमच्या वेळची बंदूक जड असेल ना?"

"जड? मुसळच की! खांदा सोलून निघायचा. आताचं बरं हाय. दस्ता मापाला सरकतो म्हनं. माझा हात आखूड, मला लई सोयीचं..."

आपण बोलून गेलो, हे त्यांच्या लक्षात आलं. मग बारीक आवाजात म्हणाले, "सायेब, मीच रोज खोदून खोदून इचारतो. पोराची वर्दी काढू नका. धरायचं तर मला धरा."

जवान सुटला. रस्त्यावर बोलल्याबद्दल युनिटमध्ये कानउघाडणी झाली, तेवढ्यावर निभावलं.

चौकशीत खोटं सापडलं की आम्हा पोलिसांना चोरच सापडल्याचा आनंद होतो. त्या केसनंतर माझा तो आनंद कायमचा गेला. खोट्याच्या मागे कोण उभं आहे, ते मी आधी बघू लागलो. कधीकधी तिथे नुसता भ्यालेला बाप असतो.