नाटकातलं मरण आणि सहाचा बिगुल

आमच्या यांची बदली बेंगळूरला झाली तेव्हा मंगल तीन वर्षांची होती. अलसूर तळ्याजवळ फॅमिली लाइन, क्वार्टर नंबर अकरा. हे फौजेत नायक. मी निपाणीची, चौथी पास, तीसुद्धा ढकलून. रायफल मी कधी धरली नाही, पण लाइनीत राहायचं म्हणजे नोकरीच. पहाटे पाचला बिगुल, साडेपाचला नळ, सहाला नळ बंद. संध्याकाळी सहाला झेंडा उतरायचा, रिट्रीटचा बिगुल वाजायचा, तेव्हा जो जिथं असेल त्यानं तिथंच सावधानात उभं राहायचं. भाकरी जळाली तर जळाली. मंगल तर न्हाणीतसुद्धा साबणासकट उभी राहायची.

पासष्ट सालात लढाई लागली आणि हे पंजाबात गेले. पाच आठवडे पत्र नाही. पोस्टमनची सायकल दिसली तरी मला भीती, नाही दिसली तरी भीती.

त्यातच सुभेदारीण अक्कांनी नाटक काढलं. अक्का धारवाडकडच्या. त्यांचे सुभेदारसाहेब आमच्या यांच्याच कंपनीत, तेही तिकडंच, आणि इकडं लाइनीत कमांड अक्कांची. इस्पितळात जखमी जवान आणले होते, त्यांच्यासाठी नाटक. सरहद्दीजवळचं गाव, बॉम्ब पडतो, लहान मुलगी मरते, आई रडते.

"मुलगी मंगल. आई तू," अक्का म्हणाल्या.

"नको हो अक्का. हे तिकडं, आणि इथं मी पोरीला पांढऱ्या चादरीखाली निजवू?"

"नाटक आहे ते."

"देवाला कळायला नको का नाटक आहे ते?"

"ऑर्डर आहे. सरी?" अक्कांचं कानडी, सरी म्हणजे ठीक.

"सरी."

रिहर्सलला मी "ऊठ गं बाळे" म्हणलं की मंगल उठून बसायची.

"मेलेलं माणूस आईनं उठवलं तरी उठत नसतं," अक्का तिला म्हणाल्या.

"मग कुणी उठवलं की उठतं?"

अक्कांनी चादर तिच्या तोंडावर ओढली. "कुणीच नाही. गप पड."

मला रात्ररात्र झोप नाही. शेवटी मी मंगलला गुपचूप सांगितलं, मेल्यासारखी पड, पण पायाचा अंगठा हलवत राहा, म्हणजे देवाला कळेल हे खोटं आहे. वर कानामागं काजळाची तीटही लावली.

नाटक पाचला होतं. मोठ्या साहेबांच्या मेमसाहेब आल्या पावणेसहाला, तेव्हा पडदा उघडला. समोर जवान, कुणाचा हात गळ्यात, कुणाच्या कुबड्या. आत एक शिपाई पत्र्याच्या पिंपावर मुसळ घालत होता, तो बॉम्ब. मंगल पडली. मी चादर घातली. चादर आखूड. अंगठा बाहेर, आणि वर-खाली, वर-खाली.

पुढच्या रांगेतल्या कुबडीवाल्या हवालदारानं शेजाऱ्याला कोपर मारलं. "पोरगी जित्ती हाय अजून."

"अंगठा," विंगेतनं अक्का. "अंगठा बंद."

माझं रडणं राहिलं बाजूला. चादर खाली ओढली की तोंड उघडं, वर ओढली की अंगठा उघडा. रांगच्या रांग हसायला लागली. मी म्हणलं, "ऊठ गं, एकदा ऊठ." पोरगी शहाणी, उठली नाही.

आणि सहाचा बिगुल वाजला.

मंगल ताडकन उभी. सावधान. चादर डोक्यावरनं लोंबत होती. मी उभी, अक्का विंगेत उभ्या, बॉम्बवाला मुसळ धरून उभा, समोर सगळे जवान कुबड्यांसकट उभे. कुणी हललं नाही. बिगुल थांबला. मंगलनं इकडंतिकडं बघितलं, चादर गोळा केली, आणि परत मेली.

तो हवालदार टाक्यांवर हात दाबून हसत होता, डोळ्यांतनं पाणी. मेमसाहेबसुद्धा हसल्या. अक्का तेवढ्या हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "देवाला कळलं असेल आता."

चौथ्या दिवशी सायकल आली. मी दाराला धरून उभी. सायकल माझ्यापुढनं गेली आणि अक्कांच्या दाराशी थांबली. तार होती.

यांचं पत्र आलं त्यानंतर दोन दिवसांनी. हे बरे होते.

ग्राउंडवर सुभेदारसाहेबांचा फोटो ठेवला होता, हार घालून. आम्ही सगळ्या रांगेत, अक्का पुढं. मंगल माझा पदर ओढत म्हणाली, "आई, काकांना अंगठ्याचं कुणी सांगितलं नव्हतं?"

मी तिचं तोंड दाबलं, पण अक्कांनी ऐकलं होतं. तेवढ्यात बिगुल वाजला. अक्का ताठ उभ्या, मान सरळ, डोळे फोटोवर. बिगुल संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. फक्त चपलेतला त्यांचा अंगठा हलत होता, वर-खाली, वर-खाली.