माझ्या आईचं माहेरचं नाव

पोरांनो,

तुम्ही पाठवलेला वंशावळीचा तक्ता मी कोपऱ्यावरच्या दुकानातून मोठ्या कागदावर छापून आणला आणि चष्मा लावून नीट तपासला. काम नेटकं झालं आहे. माझ्या वडिलांच्या बाजूची दोन लग्नं उलटसुलट जोडली होती, ती पेन्सिलीने सुधारली आहेत. राहिली माझ्या आईची चौकट. तिथे तिचं सासरचं नाव आहे आणि खाली 'जन्मनाव' लिहून तुम्ही प्रश्नचिन्ह ठेवलं आहे. डिसेंबरात आलो की खर्ड्याकडच्या तिच्या माहेरी जाऊ, तक्ता दाखवू आणि विचारू, असंही तुम्ही लिहिलं आहे.

तक्ता घेऊन त्या गावाला जाऊ नका. मी एकदा गेले होते. काय झालं ते तुम्ही तिकिटं काढायच्या आत तुम्हाला कळावं म्हणून आजच लिहायला बसले. ह्यात मी कोणाचंही नाव घातलेलं नाही. का, ते शेवटपर्यंत वाचलंत की कळेल.

आमच्याकडे तेव्हा लग्नात मुलीचं नाव बदलत. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. त्या दिवसापासून सासरी जुनं नाव कोणी उच्चारत नसे. ते फक्त माहेरी उरे. माझी आई मला कळायच्या आत गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि आईच्या माहेरचं येणंजाणं थांबलं. दुसरी आली तिला मी धाकटी आई म्हणत असे. ती गळ्यात मंगळसूत्राबरोबर चांदीचा टाक घाली. टाक म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा पातळ पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाईची आकृती. दुसरेपणावर दिलेल्या बाईने पहिलीचा असा टाक घालायचा, अशी रीत होती. नवं लुगडं आलं की धाकटी आई ते आधी टाकाला लावी, मग नेसे. आईचा एकही फोटो नव्हता. मला ठाऊक असलेला तिचा चेहरा म्हणजे तो टाक, आणि त्याला नाकडोळेही धड नव्हते.

दुष्काळाच्या वर्षी धाकटी आई गेली. बायकांनी तिच्या गळ्यातला टाक काढून माझ्या हातावर ठेवला. तेव्हा एका म्हातारीने टाकाकडे बोट दाखवून सहज विचारलं, "हिचं माहेरचं नाव काय होतं गं?"

कोणालाच सांगता येईना. वडील आधीच गेले होते. मी संगमनेरला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. इंग्लंडच्या राजाराण्यांची वंशावळ फळ्यावर न बघता काढत होते, आणि जिच्या पोटी जन्मले तिला तिची आई काय म्हणून हाक मारत होती, हे मला माहीत नव्हतं. मामा वारल्याचं उडत उडत कानावर आलं होतं. मामी मात्र जिवंत होती. ती गेली की ते नाव सांगणारं माणूस राहणार नव्हतं.

म्हणून मी शोध घ्यायचं ठरवलं, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे पद्धतशीर ठरवलं. तुमचे आजोबा तहसील कचेरीत कारकून होते. वंशावळ कशी मांडतात हे त्यांच्याकडून शिकून घेतलं. एका फुलस्केप कागदावर पट्टीने रेघा मारल्या. वर आईचे वडील. त्यांच्याखाली दोन फांद्या, एक मामाची, एक आईची. मामाखाली त्याची मुलं, ऐकून माहीत होती तेवढी, आणि आईखाली मी. आईच्या चौकटीत सासरचं नाव कंसात लिहून वर जागा मोकळी ठेवली.

आजोबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "मी येऊ बरोबर?"

"बायकांच्या गोष्टी आहेत. तुम्ही काय करणार?" मी म्हटलं.

नगरला एक रात्र मैत्रिणीकडे काढली आणि सकाळच्या एसटीने जामखेड गाठलं. तिथून खर्ड्याची गाडी. दोन्ही बाजूंना शेतं उघडी पडलेली, आणि रस्त्याकडेला खडी फोडायला बसलेल्या बाया. परतीची शेवटची गाडी दुपार कलताना आहे, ती चुकली तर मुक्कामाची सोय नाही, असं कंडक्टरने बजावून ठेवलं.

मामाच्या दारात मी कोण ते सांगितलं तशी मामीने मला छातीशी धरलं. मामीचा मोठा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, माझ्याहून थोडा मोठा. त्याने घोंगडी अंथरली. त्याच्या बायकोने चहा आणला.

"गुळाचा हाय बरं का चा," ती म्हणाली. "साखर तुमच्याकडं. कारखाना दाराशी!"

आम्ही सगळे हसलो. मामेभावाने विचारलं, "ताई, दाजी कुटं असत्यात कामाला?"

"तहसील कचेरीत."

त्याने कप खाली ठेवला. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण शेवटची गाडी डोक्यात होती. मी सरळ मामीकडे वळले. "मामी, माझ्या आईचं माहेरचं नाव काय हो?"

मामीने तोंड उघडलं.

"आये, गप," तो म्हणाला.

आवाज चढवला नव्हता त्याने, पण मामी गप्प झाली. त्याची बायको ओट्यावर निघाली होती, ती दारातच थांबली.

"कशाला पायजे नाव?" त्याने मला विचारलं.

मला वाटलं, कागद दाखवला की सगळं स्पष्ट होईल. मी पिशवीतून तो काढला, घडी उलगडली आणि घोंगडीवर पसरला. तो वाचायला शिकलेला होता. त्याने वरपासून बोट फिरवलं. आज्याच्या चौकटीवर थांबला. तिथून स्वतःच्या नावापर्यंत आला, परत वर गेला आणि दुसऱ्या फांदीने माझ्या नावापर्यंत उतरला.

"आज्याच्या खाली दोन फांद्या. एकीवर आमी, एकीवर तुमी."

"हो."

"आन् मधी येक नाव ऱ्हायलंय."

"हो दादा, तेवढंच हवंय."

"त्येच तर," तो म्हणाला. "तुमची आई तिकडं येका नावाची, हिकडं दुसऱ्या. दोनी नावं येका कागदावर आली का वारस झाला का न्हाई? आता कचेरीतल्या मान्साच्या बायकूला ह्ये म्या सांगावं व्हय?"

मला खरंच अजून उमगलं नव्हतं. "कसला वारस?"

"पल्याडच्या वस्तीवर अशीच येक बहीन आल्ती. चा पिली, वंशावळ इचारली, गळ्यात पडून रडली बी. मागनं नोटीस." त्याने कागदावर टिचकी मारली. "आज्या मेला तवा लेकींना वाटा द्यायचा कायदा झाल्ता. मला बी कळतंय की."

मग मात्र उमगलं. तो बोलत होता ते शब्दाशब्दाने खरं होतं. आईचा हिस्सा माझ्याकडे येत होता. तो मागायला एवढंच सिद्ध करावं लागलं असतं, की दोन नावांची बाई एकच. आणि मी कचेरीच्या नमुन्यात, पट्टीने रेघा मारून, तोच कागद करून आणला होता. एका नावाने तो पुरा होणार होता.

"मला जमीन नको आहे," मी म्हटलं.

"पयलं समदेच म्हनत्यात. मामा जित्ता असताना कदी आला न्हाईत. आताच बरा गाव आठवला!"

"मला आणायला होतं कोण?" मी म्हणाले. माझाही आवाज चढला. "मी लहान होते. तुम्ही कोणी न्यायला आलात का?"

मामीने पदर तोंडाला लावला.

मी पेन काढलं. "लिहून देते. सही करते. हक्क सोडला म्हणून लिहा."

"ऱ्हाऊ द्या. सायबाच्या बायकूची सही, सायबच खोडत्याल."

ह्यावर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी कागदाची घडी घातली आणि उठले. पिशवीत कागद ठेवताना रुमालात बांधलेला टाक हाताला लागला. तेवढा तरी मामीला दाखवून जावं, म्हणून गाठ सोडली आणि तिच्या हातावर ठेवला.

"धाकटी आई हा गळ्यात घालायची," मी सांगितलं. "गेली तोपर्यंत."

मामीने टाक उजेडाकडे धरला. मग कपाळाला लावला. "वन्सं," एवढंच म्हणाली. नणंदेचं नाव घ्यायची रीत नव्हती. मग सुनेला म्हणाली, "भंडारा आन. बेलाचं पान बी."

"आये..."

"तुजा कागदावर इस्वास न्हाई न्हवं? मंग भंडारा उचलू दे तिला."

तुम्हाला हे सांगायला हवं. बेलाचं पान आणि खंडोबाची हळद तळहातावर घेऊन बोललेला शब्द तिकडे कोर्टातल्या शपथेपेक्षा जड. मी मिशनच्या शाळेत शिकलेली. अशा गोष्टींना मनात हसत आले होते. पण त्या देव्हाऱ्यासमोर हळद हातावर पडली तेव्हा हसू आलं नाही.

"म्हना," मामेभाऊ म्हणाला. "ह्या जमिनीत मला वाटा नगं."

"ह्या जमिनीत मला वाटा नको."

"माज्या लेकरास्नी नगं."

इथे मी अडले. तुमची आई तेव्हा पाळण्यातून नुकती उतरली होती. तिचं काही सोडून द्यायचा अधिकार मला होता का? त्या कोरड्या मातीचं मला काही नव्हतं. पण ते तिचंही होतं, आणि तिला विचारता येत नव्हतं. मामेभाऊ माझ्याकडे बघत होता. बाहेर दूर कुठेतरी गाडीचा हॉर्न ऐकू आला.

"माझ्या लेकरांना नको," मी म्हटलं.

"खोटं बोलले तर माज्या लेकराचं..."

"बास!" मामी ओरडली. तिने माझा तळहात आपल्या हाताने मिटला. "लेकरावर न्यायचं न्हाई. झालं तेवडं बास."

मग मामी त्याला म्हणाली, "तूच आडिवलंस. आता तूच सांग."

तो उंबऱ्यापर्यंत गेला, पाठ आमच्याकडे करून उभा राहिला आणि बाहेर बघत त्याने ते नाव एकदा सांगितलं. साधं, तीन अक्षरी.

"परत सांगा, दादा."

त्याने परत सांगितलं. मग वळून म्हणाला, "आज्जी अर्दंच घ्यायची. हिरीवरनं हाक मारायची तर निम्म्या शिवारात ऐकू जायाची, म्हनं." आणि त्याने ती हाक मारून दाखवली, लांब ओढून. मामी डोळे पुसत हसली.

"पर कागदावर उतरायचं न्हाई, ताई," तो म्हणाला. "कंच्याच कागदावर. तोंडानं सांगा कुनाला बी."

मी कबूल केलं. माझा तक्ता त्याच्या बायकोने चुलीत घातला आणि त्यावर दुसरा चहा झाला. तो पिऊन मी निघाले. मामेभाऊ फाट्यापर्यंत पोचवायला आला आणि गाडी येईपर्यंत माझी पिशवी हातात धरून उभा राहिला. गाडीत मी ते नाव जामखेडपर्यंत मनात म्हणत होते, विसरेन म्हणून. ते म्हणताना कधीतरी ते माझ्या आईचं झालं.

तेव्हा, वंशावळ काढायची तर आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे रिकाम्या हाताने जा. आधी त्यांची विचारपूस करा. रेघा मागाहून मारता येतात. आणि डिसेंबरात त्या गावाला जरूर जा. मामी आणि मामेभाऊ आता नाहीत, पण त्याची मुलं ती जमीन कसतात. त्यांना चहा मागा, जमिनीचा विषय काढू नका, आणि तक्त्यातली ती चौकट रिकामीच राहू द्या.

टाक माझ्या देव्हाऱ्यात, तांब्याच्या डबीत आहे. नाव मला आणि तुमच्या आईला पाठ आहे.

तुमची आजी